आईच्या आईचं नाव

झाम्बेताकाकू जळायच्या, आणि लपूनछपून नाही, दार सताड उघडं टाकून जळायच्या. आमचं घर त्यांच्या समोर. मधे गाढव कसंबसं वळेल एवढी गल्ली. सकाळी माझी आई कुंड्यांना पाणी घालायला बाहेर आली की पलीकडून आवाज यायचाच.

"तुझी जिरेनियमं माझ्या आधी कशी फुलली गं?"

"आमच्या बाजूला ऊन आधी येतं, झाम्बेता."

"हो ना. ऊनसुद्धा माणसं बघून पडतं या गावात."

संध्याकाळी मग स्वतःच ताज्या चीजचा गोळा फडक्यात बांधून आणायच्या आणि आम्ही खाताना समोर उभ्या राहायच्या. "चांगलं आहे ना? वरच्या आळीतलीच्यापेक्षा चांगलं ना?" हो म्हटल्याशिवाय हलायच्या नाहीत.

नाक्सोस या ग्रीक बेटावरच्या, डोंगरातल्या आमच्या गावात बाईमाणसानं जळण्यात विशेष काही नाही. विशेष हे, की गावाची दृष्टही काकूच काढायच्या. त्यांच्या सासऱ्यानं शिकवलं होतं. दृष्ट काढायची प्रार्थना पुरुषानं बाईला द्यायची आणि बाईनं पुरुषाला, एरवी तिचा गुण जातो. मारियामाउलीच्या तसबिरीपुढच्या दिव्यातलं तेल बोटावर घ्यायचं आणि पाण्याच्या वाटीत थेंब सोडायचा. थेंब गोल तरंगला तर दृष्ट नाही. पसरून नाहीसा झाला, तर आहे. मग काकू पुटपुटायच्या, जांभयांवर जांभया द्यायच्या, डोळ्यांतून पाणी काढायच्या, आणि पोर शांत झालं की पदराला हात पुसावा तसा ॲप्रनला हात पुसत म्हणायच्या, "कुणीतरी जळकी होती. मोठी जळकी."

आमचे पाद्री पापा-याकोव्होस कुरकुरायचे. "झाम्बेता, हे माझं काम आहे."

"मग तुम्ही दुपारचं झोपत जाऊ नका."

लग्नानंतर बरीच वर्षं काकूंना मूल झालं नाही. ती वर्षं फार वाईट. कुणाच्या मुलाचा बाप्तिस्मा असला आणि जेवायला गेल्या, तर ताट तसंच राहायचं. गेल्या नाहीत, तर बायका म्हणायच्या, बघा, जळली. मार्कोसकाका बकऱ्या राखायचे. माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. एका हिवाळ्यात त्यांनी त्यातलं एक खर्च केलं. "मुलं काय फक्त पोटातूनच येतात?"

दोघं बोटीनं मुख्य भूमीवर गेले आणि तिथल्या एका बालकाश्रमातून दोन वर्षांची मुलगी घेऊन आले. अँथी. परतताना समुद्र खवळलेला होता. ही गोष्ट काकूंनी आम्हाला इतकी ऐकवली आहे, की मी ती त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू शकते.

"माझा नवा कोट! आणि त्यावर ही भडाभडा ओकली. शेजारची बाई म्हणते, द्या इकडे, मी पुसते तिला. मी म्हटलं, हात लावायचा नाही! माझी मुलगी माझ्या अंगावर ओकली आहे. तुमच्या नाही."

"तो कोट तिनं धुऊच दिला नाही," मार्कोसकाका म्हणायचे. "बकऱ्या जवळ येईनात."

बायका विचारायच्या, कुणाची गं ही? काकूंचं उत्तर ठरलेलं. "मारियामाउलीनं दिली. तुझी तुला नवऱ्यानं दिली, माझी मला तिनं." सकाळची कॉफी चुलीवर चढवण्याआधी त्या तसबिरीपुढे उभ्या राहायच्या, आणि खिडकी उघडी असल्यामुळे त्यांचे आभार सगळ्या गल्लीला ऐकू यायचे. "माउली, अँथीबद्दल तुझे उपकार. फार उपकार. पण शेजारणीला चार आहेत, तेही मी बघते आहे, बरं का."

अँथी मोठी झाली. आपण कुठून आलो ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. खाली बंदरावरच्या गावात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या स्त्रातोसशी तिचं लग्न झालं. आमच्याकडे पहिला नातू बापाच्या बापाचं नाव घेतो आणि पहिली नात आईच्या आईचं. नावाबरोबर पुढे आजीचं घरही तिलाच. पहिला मुलगा झाला, त्याला स्त्रातोसच्या वडिलांचं नाव मिळालं, मानोलिस. विहीणबाई पोलिक्सेनी त्या दिवशी देवळात अशा काही उभ्या होत्या, की जणू मूल, पाद्री आणि पाण्याचं घंगाळ, सगळं त्यांनीच जन्माला घातलंय. काकू घरी येऊन भांडी आदळत राहिल्या.

"पुढच्या वेळी आपली पाळी," काकांनी समजूत घातली.

आणि पुढच्या वेळी मुलगी झाली.

बाप्तिस्मा होईपर्यंत आमच्याकडे मुलाला नाव नसतं. सगळे नुसतं 'बाळी' म्हणतात. नाव पहिल्यांदा उच्चारायचं ते धर्ममातेनं, पाण्यापाशी, पाद्र्यानं विचारल्यावर. त्याआधी आईबापांना नाव विचारणं म्हणजे अपशकुनही आणि निर्लज्जपणाही. पण काकू बाळीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, की उघड्या खिडकीतून कुजबुज ऐकू यायची. "झाम्बेता! ए झाम्बेतुला! कोण माझी झाम्बेतुला?"

मग ऑगस्टच्या सुरुवातीला अँथी वर गावात आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "आई, सेवास्ती येतेय. बाप्तिस्म्याला."

सेवास्ती म्हणजे जिनं अँथीला जन्म दिला ती. मानोलिस झाल्यावर अँथीनं तिला शोधून काढलं होतं, मुख्य भूमीवर व्होलोस शहरात जाऊन भेटलीही होती. हे काकूंपासून लपवलेलं नव्हतं. तेव्हा काकूंनी एकच प्रश्न विचारला होता. "स्वयंपाक येतो का तिला?"

आता मात्र त्या उठून ओटा झाडायला लागल्या. अँथी गेल्यावर त्यांनी काकांना गाठलं.

"पहिली नात आईच्या आईची. बरोबर?"

"बरोबर."

"पण कोणत्या आईच्या?"

काका टोपी काढून टोपीत बघत राहिले.

"तू विचार अँथीला."

"मी? असं विचारत नाहीत गं."

"तू पुरुष आहेस. तुला रीतभात कळत नाही असं समजून सांगेल ती."

काकांनी विचारलं नाही. काकू तर मेल्या असत्या, पण विचारलं नसतं.

सेवास्ती शुक्रवारी बसमधून चौकात उतरली. व्होलोसच्या एका हॉटेलात ती चादरींना इस्त्री करते. बारीक, केस मागे घट्ट बांधलेले. आणि वय! मला वाटलं होतं काकूंच्या बरोबरीची असेल. ही तर त्यांची धाकटी बहीणसुद्धा शोभली नसती. सतराव्या वर्षी बाळंत झालेली. पिशवी उचलून ती चालायला लागली आणि काकूंनी माझा दंड असा आवळला, की वळ उठले. अँथीचा डावा पाय चालताना जरासा बाहेर पडतो. हिचाही तसाच पडत होता.

"बघ, चालते कशी," काकू काकांच्या कानात म्हणाल्या.

"पायांनी चालते, झाम्बेता."

काकू पुढे झाल्या. "या. प्रवास नीट झाला? बोट हलली का?"

"थोडीशी."

"ओकलात?"

"नाही."

"अँथी ओकली होती," काकू म्हणाल्या. "माझ्यावर."

दुपारी आम्ही सगळ्या काकूंच्या माजघरात साखरी बदाम बांधायला बसलो. पाहुण्यांना द्यायच्या पुरचुंड्या: जाळीच्या चौकोनात पाच बदाम, वर फीत. मला फितींसाठी बोलावलं होतं. विहीणबाई पोलिक्सेनी खुर्चीत, बाकीच्या खाली. सेवास्तीची बोटं भराभर चालत होती आणि तिची प्रत्येक गाठ सारखी. काकूंनी तिची एक पुरचुंडी उचलली, फिरवून बघितली, आणि स्वतःच्या ढिगाखाली सरकवून दिली.

अँथी आंघोळीला गेली. जाताना तिनं बाळीला सेवास्तीच्या मांडीवर ठेवलं. सहज ठेवलं, जवळ होती म्हणून. बाळीनं वर बघितलं आणि हसली. दात नसलेलं, हिरड्या दाखवणारं हसू. खोलीतल्या सगळ्या हसल्या. मी काकूंकडे बघितलं. त्यांच्या हातातली फीत तुटली.

थोड्या वेळानं बाळी रडायला लागली. आधी कुरकूर, मग अशी काही, की बाहेर गल्लीत कुत्रं भुंकायला लागलं. अँथी ओल्या केसांनी धावत आली. दूध पिईना. पोट दाबून बघितलं, उभं धरलं, उलटं धरलं.

"दृष्ट लागली," पोलिक्सेनी म्हणाल्या. "केवढी सुंदर दिसत होती आत्ता. लागणारच."

काकूंनी वाटीत पाणी आणलं. दिव्याचं तेल बोटावर घेतलं. पहिला थेंब पडला आणि पाण्यात नाहीसा झाला. दुसराही. काकू पुटपुटायला लागल्या, पण जांभई येईना. तिसरा थेंब गेला. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि सरळ सेवास्तीकडे बघितलं.

"ज्याची दृष्ट, त्याला थुंकावं लागतं. त्याशिवाय उतरत नाही."



"आई!" अँथी म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलं का? ज्याला लागू आहे त्याला कळेल."

सेवास्तीचा चेहरा कागदासारखा झाला. पण ती उठली. बाळीवर वाकली आणि हलकेच, जणू फुंकर घालतेय असं, तीनदा केलं. "फ्तू, फ्तू, फ्तू."

बाळी रडतच होती.

"मीही करते बाई," पोलिक्सेनी खुर्चीतून उठल्या. "उगाच नंतर माझ्यावर यायला नको." त्यांनी केलं. मग मी केलं. दारातून काका डोकावले, त्यांनाही करायला लावलं. त्यांचा नेम चुकला आणि पोलिक्सेनींच्या बाहीवर गेलं. काकूंनी पुन्हा थेंब सोडला. तो पसरला आणि गेला.

काकू वाटीकडे बघत बसल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या दृष्टी ओळखल्या होत्या. ही कुणाची, बाईची की पुरुषाची, जवळच्याची की लांबच्याची, सगळं जांभयांवरून सांगायच्या. आणि आज जांभई येत नव्हती. आपलीच दृष्ट आपल्याला काढता येत नाही, हे त्यांच्या सासऱ्यानंच त्यांना सांगितलेलं.

"दे तिला इकडे," त्या शेवटी म्हणाल्या.

अँथीनं बाळी पुढे केली. काकूंनी ओठ ओले केले. "फ्तू. फ्तू. फ्तू."

"तुमची होती?" पोलिक्सेनींनी डोळे मोठे केले. "स्वतःच्या नातीला?"

"नातीला नाही!" काकू ओरडल्या. "मी हिच्यावर जळत होते," सेवास्तीकडे बोट. "बाळी मधे आली. मांडीवर होती ना तिच्या. त्यात लेकराचा काय दोष?"

बाळीनं दोन मोठे हुंदके दिले, ढेकर दिली आणि झोपली. दृष्ट उतरली म्हणून झोपली की ढेकर आली म्हणून, यावर पुढे गावात बरीच चर्चा झाली. अँथी तिला घेऊन वर गेली. पोलिक्सेनींना अचानक बाही धुवायची आठवण झाली. उरलो आम्ही तिघी आणि बदाम.

मी फिती कापत राहिले, खोलीत नसल्यासारखी.

"थुंकायला लावलं तुम्हाला," काकू म्हणाल्या. "तुम्ही केलंतही. का केलंत?"

"मला वाटलं, माझीच असेल." सेवास्तीनं गाठ ओढली. "मी तुमच्यावर किती वर्षं जळते आहे, ठाऊक आहे?"

"माझ्यावर? मला ओळखत तरी होता का?"

"नाही ना. तेच तर. चेहरा नव्हता, नाव नव्हतं. नुसती एक बाई. ती तिचे केस विंचरते, ती तिला शाळेत सोडते. इस्त्री करताना माझ्या डोळ्यांपुढे तीच. एकदा तिच्या नादात चादर जाळली."

"तुम्हाला ती कशी दिसायची? मी?"

"उंच."

काकूंनी स्वतःकडे बघितलं. त्या माझ्या खांद्यापर्यंत येतात. "उंच?"

"आणि फरचा कोट घातलेली."

काकूंच्या तोंडातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता हे मला नंतर कळलं. त्यांनी तिच्या पुढ्यात बदामांची परात सरकवली. "खा. तुटके खा, अख्खे मोजलेले आहेत."

सेवास्तीनं एक घेतला. मग न बघताच विचारलं, "एक सांगाल? ती पहिल्यांदा चालली, तेव्हा कुठून कुठे चालली? मला नेहमी वाटायचं, कुणाकडे चालत गेली असेल?"

काकूंनी हातातली फीत खाली ठेवली.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आली तेव्हा ती पळत होती."



"म्हणजे तुम्हीही नाही बघितलं?"

"आश्रमात एक बाई होती. पांढऱ्या टोपीतली. जाड दंड. अँथीला माझ्याकडे देताना तिच्या गालाची पापी घेतली तिनं." काकूंचा आवाज चढत गेला. "तिनं बघितलं असणार! पहिलं पाऊल त्या टोपीवालीनं बघितलं!"

"पहिला दातही."

"पहिला शब्दही! मेली. आणि तिला आज आठवतही नसेल. शंभर पोरं बघितली असतील तिनं."

"मेली," सेवास्ती म्हणाली, जरा अंदाज घेत.

"जोरात म्हण की. इथे कोण ऐकतंय?"

"मेली!"

मग काकूंनी आपल्या ढिगाखालची ती नीट बांधलेली पुरचुंडी काढली आणि सेवास्तीच्या ढिगावर ठेवली. "ही तुझी." 'तुमची'ची 'तुझी' कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

पण नावाचं काय, ते तसंच राहिलं. सेवास्ती निघाली तेव्हा उंबऱ्यात काकूंनी विचारलं, "तुला काही बोलली का अँथी? नावाचं?"

"नाही. मीही विचारलं नाही."

"हवंय तुला?"

सेवास्तीनं चप्पल घालण्यात फार वेळ लावला. "हवंय," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मला तर जन्मापासून हवंय."

रविवारी देऊळ माणसांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेलं. बाळीचे कपडे काढले, अंगाला तेल चोळलं. स्त्रातोसची आतेबहीण धर्ममाता होती. काकू डाव्या बाजूला, सेवास्ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर. दोघींच्याही हातात मेणबत्ती. काकूंचे ओठ हलत होते, पण प्रार्थनेबरोबर हलत नव्हते. त्यांनी देवाकडे नाव मागितलं नाही, असं त्या नंतर शपथेवर सांगायच्या. "मागितलं नाही. पण तिचं ठेव असंही म्हटलं नाही. एवढं नाही जमलं मला."

"नाव?" पापा-याकोव्होसनी विचारलं.

"झाम्बेता," धर्ममाता म्हणाली.

बाळी पाण्यात बुडाली, वर आली, किंचाळली. देवळाबाहेर मानोलिस आणि पोरं ओरडत पळाली, झाम्बेता! झाम्बेता! मी काकूंकडे बघत होते. त्या उड्या मारतील, पोलिक्सेनींकडे वळून बघतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी बघितलं ते सेवास्तीकडे. तिची मेणबत्ती तिरकी झाली होती आणि मेण बोटांवर सांडत होतं, पण ती हलत नव्हती. तशीच उभी राहून ती रीतीप्रमाणे म्हणाली, "दीर्घायुषी होवो."

काकूंनी तिची मेणबत्ती सरळ केली. मग तसबिरीकडे वळून क्रूसाची खूण केली. जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"माउली, उपकार. तिला आधी दिलंस, मला जास्त दिलंस. शेजारणीबद्दल आज काही म्हणणं नाही."

जेवण अंगणात होतं. बोकड, बटाटे, काकूंचं चीज. नाचणाऱ्यांनी धूळ उडवली. बंदरावरची एक लठ्ठ पाहुणी हातात ताट घेऊन थेट सेवास्तीपाशी गेली. "आजीबाई, अभिनंदन! तुमचीच नात, वेगळं सांगायलाच नको. डोळे बघा, हनुवटी बघा!"

सेवास्ती लाल झाली. "आजी त्या आहेत," ती म्हणाली.

काकू खुर्ची ओढत आल्या. "आम्ही दोघी आहोत," त्या पाहुणीला म्हणाल्या. "हनुवटी हिची. नाव माझं."

पाहुणी गोंधळून बोकडाकडे गेली. काकूंच्या कडेवर झाम्बेतुला होती, नव्या पांढऱ्या झग्यात, तेलानं चमकणारी. काकूंनी तिला थोडं घट्ट धरलं, आणखी थोडं घट्ट. मग सेवास्तीच्या मांडीवर ठेवलं.

"घे. संध्याकाळची बोट आहे ना तुझी."

"तुम्ही जा, जेवा. मी सांभाळते."

"जेवण कुठे पळून जातंय. मी इथेच बसते." त्यांनी खुर्ची गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणली. बाळीनं सेवास्तीचं बोट धरलं आणि चघळायला लागली. काकूंचे डोळे त्या बोटावर. "रडली की लगेच इकडे द्यायची."

"रडत नाहीये."

"रडेल," काकू म्हणाल्या, आणि हात मांडीवर तयार ठेवून वाट बघत बसल्या.